हिरवा शालू आणि पिवळे आभाळ

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील मराठी मुलांच्या एका निबंधस्पर्धेचे कागद परीक्षणासाठी आमच्याकडे आले होते. स्पर्धक सात ते नऊ वर्षांचे होते. विषय अर्थातच ‘पावसाळ्यातील एक दिवस’. ‘अर्थातच’ म्हणावयाचे कारण असे की, जून उजाडला म्हणजे मराठी निबंधाला दुसरा विषय सुचत नाही. मग तो निबंध पुण्यात लिहिला जावो, पाटण्यात लिहिला जावो की चेन्नईत. स्पर्धा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. दिल्लीस मोसमी पाऊस सरासरीने २७ जूनला पोचतो, आणि त्या वर्षीही तो अद्याप यावयाचा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र शहरात मोठी आंधी होऊन गेली होती.

तीस-बत्तीस कागद आम्ही वाचले. बहुतेकांत सकाळी जाग येताच धो धो पाऊस पडत होता, धरणीमातेने हिरवा शालू परिधान केला होता, बळीराजा सुखावला होता, मुलांनी कागदी होड्या सोडल्या होत्या आणि शेवटी आईने गरमागरम भजी तळली होती. भजी वगळता यांतील एकही गोष्ट त्या आठवड्यात दिल्लीत घडलेली नव्हती. शालू म्हणजे काय, हे तरी त्यांतील किती मुलांना सांगता आले असते कोणास ठाऊक!

एका मुलाचा कागद तेवढा निराळा निघाला. त्याने लिहिले होते : “काल पाऊस आला नाही. दुपारनंतर आभाळ पिवळे झाले. बाल्कनीचे दार आपोआप आपटले. आईने वाळत घातलेली चादर समोरच्या झाडावर गेली. चार वाजता घरात दिवे लावावे लागले. मग सहा-सात थेंब पडले. थेंब मातीचे होते. गाडीच्या काचेवर ठिपके पडले. मग थंड वाटले. आईने चादर पुन्हा धुतली.” एवढाच निबंध. आम्ही त्याच्या समासात ‘विषयास सोडून’ असा शेरा मारला आणि कागद बाजूस ठेवला. बक्षिसे हिरव्या शालूंना मिळाली.

तो शेरा पुढे आम्हांला बरेच दिवस टोचत राहिला. प्रस्तुत लेख त्या टोचणीतूनच लिहिला आहे, हे आरंभी सांगून टाकलेले बरे.

तो कागद आता वाचकाच्या नजरेने पुन्हा पाहू. त्यात विशेषणे अशी दोनच आहेत, ‘पिवळे’ आणि ‘थंड’. आणि दोन्ही डोळ्यांनी व कातडीने तपासून घेतलेली आहेत. काळोख किती झाला, हे मुलगा सांगत नाही. दिवे लावावे लागले, एवढेच सांगतो, आणि ते किती वाजता हेही सांगतो. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, या वर्णनात ‘वारा’ हा शब्द कोठेही नाही. दार आपटते, चादर झाडावर जाते, धूळ थेंबांत मिसळते. वारा प्रत्येक वाक्यामागे आहे, पण मुलाला तो दिसला नाही म्हणून त्याने लिहिला नाही. त्याला दिसले ते वाऱ्याने केलेले काम.

एका मोठ्या माणसाने नेमके हेच केले होते. इंग्रजी आरमारातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ साली वाऱ्याची प्रत ठरविण्याची जी श्रेणी तयार केली, तिच्यात वाऱ्याला ‘भयंकर’ किंवा ‘आल्हाददायक’ म्हटलेले नाही. जहाजाला किती शिडे पेलवतात, यावरून त्याने वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत अंक दिले. पुढे ही श्रेणी जमिनीवरील खुणांना लावण्यात आली. धूर सरळ वर गेला तर शून्य; धूर कलला पण पान हलले नाही तर एक; पाने सळसळली आणि गालाला वारा लागला तर दोन; धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले तर चार; सबंध झाडे डोलू लागली तर सात. सहा वर्षांच्या मुलाला हे सारे खिडकीतून पाहता येते. आमचा बाल-निबंधकार बोफर्टचे नाव न ऐकता त्याच्या वाटेने गेला होता, आणि आम्ही त्याला वाट चुकल्याचा शेरा दिला.

हिरवा शालू मुलांच्या हाती कोठून येतो, हे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. तो आदर्श निबंधांच्या पुस्तकांतून येतो, आणि त्या पुस्तकांत तो मागच्या पिढीच्या पुस्तकांतून येतो. कोणे एके काळी तो कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेला असेल. आज तो भाड्याने मिळणाऱ्या नवरदेवाच्या पोशाखासारखा झाला आहे, कोणाच्याही अंगाला बसतो आणि कोणाचाच नसतो. यात मुलांचा दोष नाही. शिक्षक आणि आईबाप मुलाला आधी शब्द देतात आणि मग खिडकीकडे पाहावयास सांगतात. पुष्कळदा पाहावयास सांगतच नाहीत. शब्द आधी मिळाला की पाहण्याची गरज संपते, हे मुलाला फार लवकर कळते.

मग मराठी बालगीतांचा यात दोष आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. पावसाला पैशाचे आमिष दाखवून शेवटी खोटे नाणे पुढे करणारे आपले जुने गाणे हे वर्णन नव्हेच. ती हाक आहे, आणि हाकेत थोडी लबाडी असावयाचीच. ज्या देशात पावसाची वाट पाहावी लागते तेथील मूल पावसाला बोलावते. ज्या देशात तो नको तेव्हा येत राहतो तेथील मूल त्याला परत पाठवते. गंमत अशी की, आपल्या अधिकारी मंडळींची मुले बालवर्गात ते पावसाला परत पाठवणारे इंग्रजी गाणे पाठ करतात, आणि तेही दिल्लीच्या जुलैत, सारे शहर आकाशाकडे डोळे लावून बसलेले असताना. मंगेश पाडगांवकरांच्या भोलानाथाच्या गाण्यात तर मुलाचा पावसाशी असलेला खरा संबंध अचूक पकडला आहे : शाळेभोवती तळे साचून सुट्टी मिळेल की नाही, हा तो संबंध. हवामानाच्या अंदाजाची इतकी प्रामाणिक चौकशी आम्ही अन्यत्र वाचलेली नाही.

बालकवींची श्रावणावरील कविता घ्या. ती पाठ नाही असा मराठी माणूस विरळा. तीत काय आहे? घटकेत सर, घटकेत ऊन, आकाशातील इंद्रधनुष्य, उडणारी पाखरांची माळ, झाडांच्या शेंड्यांवर आणि घरांवर उतरलेले मावळतीचे पिवळे ऊन. हा सगळा पाहणाऱ्याचा ऐवज आहे. धरणगावच्या या कवीने (जन्म १८९०, मृत्यू १९१८) जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात आकाश पाहण्यास जो वेळ दिला, तो आपण कवितेखालच्या प्रश्नांना देतो. ‘कवीने श्रावणाचे वर्णन कसे केले आहे?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. ‘तुझ्या घरावरून आज श्रावण कसा गेला?’ हे कोणी विचारीत नाही. कवितेतील ‘शिरवे’ या शब्दाचा अर्थ मुलाला वहीत ‘पावसाची हलकी सर’ असा लिहून मिळतो. तीच सर अंगणात उतरून दोन मिनिटांत निघून जात असताना ‘हे पाहा शिरवे’ असे कोणी म्हटले, तर तो शब्द त्या मुलाला आयुष्यभर पुरेल.

येथपर्यंतची तक्रार पुण्याच्या मुलालाही लागू आहे. परंतु प्रस्तुत नियतकालिकाचे बहुसंख्य वाचक बदलीच्या गावी राहणारे आहेत, आणि त्यांच्या मुलांपुढे आणखी एक अडचण उभी असते. पुस्तकातले आकाश आणि डोक्यावरचे आकाश ही दोन निरनिराळी आकाशे आहेत, आणि मुलाला हे कोणी सांगितलेले नसते.

श्रावणाचेच पाहा. आपले महिने अमावास्येला संपतात. उत्तर हिंदुस्थानातले पौर्णिमेला. त्यामुळे आषाढी पौर्णिमा सरली की शेजाऱ्यांचा सावन सुरू होतो आणि आपल्या घरी आणखी पंधरा दिवस आषाढच चालू असतो. एकाच जिन्यावर समोरासमोरच्या दोन दारांत दोन निराळे महिने! मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि मराठी घरात आजही त्या दिवशी आकाशाकडे एक नजर जाते. पण दिल्लीत त्या दिवशी दिसतो तो पांढरा पडलेला, उन्हाने भाजलेला घुमट. चेन्नईत बदली झालेल्यांची गत याहून निराळी. तेथे वर्षातील पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडतो. आपल्या पुस्तकातला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. कोलकात्याच्या मुलाला चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी वायव्येकडून काळीकुट्ट भिंत चालून येताना दिसते. बंगाली शेजारी तिला कालबैशाखी म्हणतात. मराठी निबंधात ती कोठेच नसते.

आणि हादगा? हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागते. पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. हस्ताच्या गडगडाटी, परतीच्या पावसाची ती पूजा आहे. दिल्लीतून मोसमी पाऊस सरासरीने २५ सप्टेंबरला माघारी गेलेला असतो. म्हणजे येथील महाराष्ट्र मंडळांत मुली हत्तीभोवती गातात तेव्हा वर आकाश धुतल्यासारखे निळे असते. आम्ही हादगा बंद करा असे मुळीच म्हणत नाही. पण फेर धरण्यापूर्वी एखाद्या आजीने मुलींना वर पाहावयास सांगावे, आणि ‘आपल्या गावी आत्ता ढग गडगडत असतील, येथे मात्र गेले, ते का गेले?’ एवढे विचारावे. त्या प्रश्नाने हत्तीचा मान कमी होणार नाही.

या दोन आकाशांतील फरक दडपला की मूल एक भलताच धडा शिकते. मराठी ही खोट्या पावसाची भाषा आहे, खरे काय घडले ते सांगावयाचे असेल तर हिंदीत किंवा इंग्रजीत सांगावे, असे त्याच्या मनात बसते. निबंधस्पर्धेतील ती तीस मुले शाळेच्या बसमध्ये एकमेकांना आदल्या दिवशीच्या आंधीविषयी नक्कीच सांगत असतील, आणि फार चांगले सांगत असतील. फक्त मराठीत नव्हे. परप्रांतात मराठी टिकावी म्हणून आपण नाटके बसवितो, दिवाळी अंक मागवितो, संक्रांतीला तिळगूळ वाटतो. मुलाला रोजचे आभाळ ज्या भाषेत सांगता येत नाही, ती भाषा तिळगुळाच्या डब्यात किती दिवस राहील?

पाहावयास कसे शिकवावे, याविषयी आपल्याकडे अनुभवी माणसे होऊन गेली आहेत. मारिया मॉंटेसरी १९३९ साली मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि त्यांनी येथील शेकडो शिक्षकांना आपली पद्धत शिकविली. त्या पद्धतीचे मूळ सूत्र असे की, खरखरीत आणि गुळगुळीत, कोमट आणि गार, हे आधी बोटांना कळावे आणि नाव मागाहून यावे. त्यापूर्वीच भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी हे काम सुरू केले होते. एका मराठी बाईने आपल्या आयुष्यातील मोलाचे काम गुजरातीच्या अंगणात आरंभले, हे परप्रांतस्थ वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शिंपले, खडे वापरून दाखविले. आभाळाला तर तेवढाही खर्च नाही.

रोज एकाच खिडकीशी, एकाच वेळी उभे राहावे. साडेआठची वेळ उत्तम. आपले हवामान खातेही पावसाचा दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत धरते, आणि मुलांना सरकारी कामकाजाशी बरोबरी करावयास आवडते. मुलाला एकच गोष्ट विचारावी : कालच्यापेक्षा आज काय निराळे आहे? धूर कोणीकडे कलला, कुत्रे उन्हात निजले की सावलीत, काचेवर आतून ओल आली की बाहेरून, वाळत घातलेले कपडे केव्हा काढले. आपण विशेषण पुरवू नये. हा मोह आवरणे शिक्षकापेक्षा आईबापांना जड जाते. चार वर्षांच्या मुलाने चित्र काढावे, सहा वर्षांच्याने एक वाक्य सांगावे आणि मोठ्यांनी ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. ‘ढग रुसले’ असे मूल म्हणाले तर हरकत नाही, मात्र ‘कशावरून?’ असे विचारण्यास चुकू नये.

पाऊस मोजणेही अवघड नाही. सपाट बुडाचे आणि सरळ भिंतीचे कोणतेही भांडे भिंतीपासून व झाडापासून दूर, उघड्यावर ठेवावे आणि साचलेल्या पाण्यात पट्टी उभी धरावी. जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. बाटली घेऊ नये. तिचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असल्याने हिशेब चुकतो. भांड्याचे तोंड मोठे असो की लहान, भिंत सरळ असेल तर उंची तीच का भरते, या कोड्यात आठ वर्षांच्या मुलाची एक रविवार सकाळ सहज जाते. हवामान खात्याच्या हिशेबी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. आमच्या स्पर्धकाचे सहा-सात थेंब या हिशेबात कोठेच बसत नाहीत; त्यांची नोंद त्या कागदावरच राहिली.

येथे कोणी म्हणेल की, हल्ली हे सारे मोबाइलवर मिळते. मिळते खरे. ‘आज हवा कशी आहे?’ असे विचारले की मूल खिडकीकडे न जाता त्या काचेकडे धावते आणि ‘एकेचाळीस’ म्हणून सांगते. तो आकडा खोटा नसतो, पण तो त्याच्या गच्चीचा नसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. ‘त्या दिवशी मुंबईत कसा पाऊस होता?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपण कोठे उभे राहून पाहिले, हे वर्णनाचे पहिले वाक्य असावयास हवे, ही गोष्ट त्या दोन आकड्यांनी जितकी पटते तितकी कोणत्याही व्याकरणाने पटत नाही.

शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमचा रोख शब्दांवर नाही. मराठीजवळ हवेचे शब्द थोडेथोडके नाहीत, आणि ते शोभेचे नाहीत. मळभ आले म्हणजे आभाळ भरून राहिले. झाकोळले म्हणजे उजेड मंदावला. पहिले आकाशाविषयी आहे, दुसरे प्रकाशाविषयी. रिपरिप म्हणणाऱ्याला पावसाचा कंटाळा आलेला असतो. झड म्हटले की दिवस मोजावे लागतात. संततधारेत खंड नसतो, वळिवात गडगडाट आणि घाई असते. आणि उघडीप! पाऊस थांबलेल्या मधल्या वेळेला ज्या लोकांनी स्वतंत्र नाव दिले, त्यांना त्या वेळात शेतावर जाऊन काहीतरी उरकावयाचे होते हे उघड आहे. असे शब्द मुलांना दिलेच पाहिजेत, पण यादीने नव्हे. पावसाचे वीस शब्द पाठ म्हणून दाखविणारे एक मूल आम्ही एका स्नेह्याच्या घरी ऐकले. ते म्हणत असताना बाहेर बुरबुर चालू होती आणि घरातील कोणाचे तिकडे लक्ष नव्हते.

जेथे मराठीचा शब्द पुरत नाही तेथे शेजारणीकडून घ्यावा. लू म्हणजे नुसती झळ नव्हे. आंधी म्हणजे नुसती वावटळ नव्हे. सत्तांतराबरोबर फारसी शब्द घेताना मराठीने लाज बाळगली नाही, मग हवापालटाबरोबर हिंदी-बंगाली शब्द घेताना का बाळगावी? काही गोष्टींना तर कोणत्याच जुन्या पुस्तकात नाव नाही. दिल्लीच्या नोव्हेंबरात सकाळी जे करडे, घशाला झोंबणारे आवरण उतरते, ते ना धुके ना ढग. मराठी वृत्तपत्रांनी त्याला धुरके हा शब्द चालविला आहे आणि तो चांगला आहे. पण आजपर्यंत एकाही बालनिबंधात आम्हांला धुरके भेटलेले नाही. शाळा त्यापायी बंद राहतात, मुले घरात कोंडली जातात, आणि सुट्टी संपली की ‘हिवाळ्यातील सकाळ’ या निबंधात गुलाबी थंडी आणि शेकोटी लिहितात.

हे भूगोलाचे काम आहे, वाङ्मयाचे नव्हे, असाही एक आक्षेप येईल. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले ‘ऋतुचक्र’ ज्यांनी वाचले आहे, ते हा आक्षेप घेणार नाहीत. बारा महिन्यांची झाडे, पाखरे आणि आकाश त्या पुस्तकात इतक्या बारकाईने आले आहे की, शास्त्र कोठे संपते आणि ललित कोठे सुरू होते हे शोधण्याची इच्छाच होत नाही. ते मुलांचे पुस्तक नाही. मुलांच्या आईबापांचे मात्र निश्चित आहे. कामाच्या रगाड्यात आभाळ पाहावयास सवड कोठली, असे म्हणणाऱ्या अधिकारी मित्रांना आम्ही एवढीच आठवण देऊ की, सनदी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला आहे. साडेआठला खिडकीशी दोन मिनिटे उभे राहणे त्यामानाने हलके काम आहे.

त्या मुलाची आणि आमची पुढे एकदा गाठ पडली. त्याच्या वडिलांची बदलीची आज्ञा निघाली होती आणि घरात खोकी भरणे चालू होते. आम्ही त्याचा कागद बरोबर नेला होता. समासातला शेरा त्याच्यादेखत खोडला. बक्षीस देण्याची वेळ मात्र केव्हाच टळून गेली होती. आंधीनंतरच्या त्या थेंबांना मराठीत वळीव म्हणता येईल, असे आम्ही त्याला मोठ्या उदारपणे सुचविले. त्याने विचारले, “काका, वळवाचे थेंब मातीचे असतात का?”

“नाही बाळ. सहसा नसतात.”

“मग तो वळीव नाही.”

त्याने आम्हांला आपली वही दाखविली. रोजचे एक-दोन ओळींचे लिहिणे होते, तारखेसह. एके ठिकाणी ‘आज कालच्यासारखेच’ असे लिहून त्याने स्वतःच ते खोडले होते, आणि खाली लिहिले होते : “नाही. आज चादर लवकर वाळली.”